चार वाजून दहा मिनिटांचा गजर

मित्रांनो, मी एक जुने गजराचे घड्याळ आहे. चावी देऊन चालणारे, एका पायाने किंचित लंगडे. मला कुणी फुकट नेले नसते. पण एका संध्याकाळी पोलीस ठाण्यातल्या मोठ्या साहेबांना माझ्यात बढती दिसली. बाजारात स्फोट होऊन सात माणसे गेली होती. वरून दर तासाला फोन येत होता. कुणीतरी पकडलेला दाखवला, की फोन थांबणार, फोटो छापून येणार आणि खांद्यावर एक तारा वाढणार. एवढा सगळा लाभ. आणि भांडवल काय, तर मी आणि माझी अकरा भावंडे.

आम्ही राहत होतो भिंगवाल्यांच्या दुकानात. डोळ्याला सतत भिंग लावून बसणाऱ्या या दुरुस्तीवाल्यांना सगळे त्याच नावाने हाक मारत. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाचा गजर ते चार वाजून दहा मिनिटांवर लावत, कारण त्याच वेळी त्यांची लेक शाळेतून येई. आम्ही बाराही जण एकदम कोकलायचो आणि ती हसत हसत एकेकाला गप्प करायची. जे वाजले नाही, ते पुन्हा बापाच्या टेबलावर. अशी आमची परीक्षा.

स्फोटही चार वाजून दहा मिनिटांनीच झाला होता.

साहेबांनी मला उचलले. "बारा घड्याळं, आणि सगळी याच वेळेवर? योगायोग म्हणायचा का, भिंगवाले?"

"साहेब, पोरगी येते त्या वेळी..."

"पोरीला मध्ये आणू नका."

मला लाखेचे सील लागले आणि मुद्देमालाच्या खोलीत फडताळावर जागा मिळाली. भिंगवाल्यांना मात्र न्यायाधीशापुढे उभे केले नाही. नव्या कडक कायद्यात त्याची घाई नव्हती. वकीलही नाही, तारीखही नाही.

खोलीच्या दाराशीच एक बाक होता. भिंगवाल्यांची बायको रोज तिथे येऊन बसे. हवालदारकाका तिला पाणी देत. मनाने वाईट नव्हते ते. त्यांची सख्खी मावशी त्या स्फोटातच गेली होती.

"वहिनी, माणसं मेलीत. अशा वेळी कायद्याची कलमं काय घेऊन बसायची?"

"नका बसू, भाऊ. पण एकदा त्यांना कुणापुढे तरी उभं करा. त्यांनी केलं असेल, तर मीच घरात घेणार नाही."

हवालदारकाकांनी रिकामा पेला उचलला आणि ते उगाचच बराच वेळ तो विसळत राहिले.

माझी टिकटिक केव्हाच थांबली होती, त्यामुळे आतल्या चौकशीच्या खोलीतले भिंगवाल्यांचे ओरडणे मला नीट ऐकू येई. एके दिवशी काहीच ऐकू आले नाही, आणि कबुलीच्या कागदावर त्यांची वेडीवाकडी सही उमटली.

अकरा महिन्यांनी मी न्यायालयात गेले. न्यायाधीशबाईंनी माझे मागचे झाकण उघडायला लावले.

"यात तार कुठे आहे? सेल कुठे आहे?"

साहेब कागद चाळू लागले. मग त्यांनी मुलीला विचारले, "चार दहाच का गं?"

"मी शाळेतून येते ना तेव्हा. बाबा माझ्यासाठी लावतात."

सगळे मिळून सात मिनिटे लागली. मी बंद होते, पण भिंतीवरचे घड्याळ साक्षीला आहे. हेच प्रश्न पहिल्या दिवशी विचारले असते, तर खऱ्या माणसाचा शोध चालू राहिला असता. आरोपी सापडला म्हणून तो थांबवला होता. भिंगवाले कोठडीत असतानाच, आठव्या महिन्यात, त्या खऱ्या माणसाने दुसरा स्फोट केला. आणखी चार माणसे गेली.

आता मी पुन्हा दुकानात आहे. भिंगवाल्यांच्या बोटांत चिमटा ठरत नाही. भिंग आता लेकीच्या डोळ्याला असते. ते शेजारी बसून सांगतात, "हळू, बाळा. आधी तो बारका स्क्रू. पडला तरी चालेल, शोधू आपण."

मित्रांनो, घाबरलात, संतापलात, तरी पकडलेल्या माणसाला एकदा बोलू द्या, आणि त्याचे ऐकणारा कुणीतरी त्रयस्थ असू द्या. साहेबांची बढती साहेबांकडेच राहिली. तिची किंमत मोजली दुसऱ्या स्फोटातल्या चौघांनी, भिंगवाल्यांच्या दहा बोटांनी, आणि आठवीत शाळा सोडलेल्या एका मुलीने, जिच्यावर कधीच कुणाचा संशय नव्हता.