साक्षीच्या नळ्या

सासूबाई तिला जंतूवाली म्हणायच्या. तोंडावर. आल्यागेल्यालाही कौतुकानं सांगायच्या, "आमची जंतूवाली दिवसभर हॉस्पिटलच्या तळघरात जंतू पाळते, आणि घरी आली की मलाच हात धुवायला लावते." दोघींचा मिळून एकच माणूस होता, सासूबाईंचा मुलगा. तो गेला आणि या दोघी एकमेकींना उरल्या. सुरुवातीला एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या बायका, पण पुढं एकीला शिंक आली की दुसरी वाफारा द्यायला उठायची.

सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, जखम चिघळली. जखमेतला जंतू तपासायला खाली आला तो सुनेच्याच टेबलावर. एकेक औषध लावून पाहिलं, पण मेला कशालाच भीक घालेना. मग राहिलं ते शेवटचं औषध. डॉक्टर ते फार जपून वापरतात, कारण त्याच्या पुढं काही नसतं.

त्याची तपासणी तशी साधी. नळ्यांत औषध घालायचं, जंतू सोडायचा, रात्रभर उबेला ठेवायचं. सकाळी नळी निवळ दिसली तर औषध लागू पडतं. गढूळ दिसली तर जंतू औषधातच वाढला. शेजारी एका गरीब, ओळखीच्या, या औषधानं हमखास मरणाऱ्या जंतूच्या नळ्या ठेवतात, साक्षीला. त्या निवळ निघाल्या म्हणजे औषध चांगलं, हात चांगला, तपासणी खरी.

सकाळी साक्षीच्या नळ्या निवळ होत्या. सासूबाईंच्या सगळ्या गढूळ.

आता कळायचं काय राहिलं होतं? नवशिक्यांना तीच दटावायची, साक्षीदार खरं बोलला की पुन्हा मांडायचं नाही, डॉक्टरला कळवून मोकळं व्हायचं. पण आशा वेडी असते हो. तिनं डॉक्टरला फोन केला आणि सांगितलं, "माझा हात चुकला असेल. पुन्हा लावते."

"लावा," डॉक्टर म्हणाले. "पण हेही औषध चालत नसेल तर त्यांना इथं अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. शुद्धीवर आहेत तोवर घरी न्या."

जन्मभर ज्या हाताची तिला घमेंड होती, तो एकदा चुकला असू दे म्हणून ती मनातल्या मनात गयावया करत होती. नळ्या पुन्हा मांडून ती वर गेली.

"काय म्हणतात तुझे पाळीव?" सासूबाईंनी विचारलं. अंग तापानं फणफणलं होतं, पण जीभ शाबूत होती.

"उद्या कळेल, आई."

"बरं. मला घरी ने बाई. गॅलरीत खुर्चीवर बसव, चहा कर आणि समोर बस. तुझ्याशी बोलायचंय."

"मग बोला ना आत्ता."

"इथं?" शेजारच्या खाटेकडं डोळे वळवून सासूबाई कुजबुजल्या, "हिचे कान बघितलेस का? घरी बोलू."

शेजारीण खुदकन हसली. सुनेलाही हसू आलं, आणि त्या हसण्याच्या भरात ती बोलून गेली, "उद्या नेते."

दुसऱ्या दिवशी साक्षीच्या नळ्या निवळ होत्या. सासूबाईंच्या सगळ्या गढूळ. हात चुकला नव्हता, काल नाही आणि आज नाही. तिनं डोळे पुसले, कामावर सुट्टी सांगितली आणि सासूबाईंना घरी न्यायला ती वर आली.

खाटेशी यंत्र लावलेलं होतं. पहाटे एकाएकी श्वास लागला, म्हणून घशात नळी घातली होती. सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. नर्सनं एक पिशवी तिच्या हातात दिली.

"काल संध्याकाळी माझ्याकडून भरून घेतली," नर्स म्हणाली. "म्हणाल्या, सून उद्या घरी नेणार आहे. तिचं कधी चुकत नाही."

पिशवीत कंगवा होता, घरची चादर होती, चष्मा होता. ती स्टुलावर बसली. सासूबाईंचा हात हातात घेऊन म्हणाली, "आई, मला कालच कळलं होतं हो. मी खोटं बोलले. आता बोला ना, शेजारचीनं ऐकलं तर ऐकू दे."

शेजारणीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. सुनेनं पिशवीतून चष्मा काढून सासूबाईंच्या डोळ्यांवर ठेवला. नळीच्या चिकटपट्टीमुळं तो नीट बसेना, म्हणून ती तो हातानं धरून बसून राहिली.