काइसू गप्प बसली

काइसू हायरिनेनला गप्प बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. तिचे आईबाप युद्धात शत्रूच्या हाती गेलेला कारेलिया प्रांत सोडून इकडे हामे प्रांतात आलेले. कारेलियाची माणसं बोलघेवडी, आणि हामेची अशी, की घराला आग लागली तरी आधी घसा खाकरतील. गावच्या परिषदेवर ती दर वेळी निवडून आली, संसदेला दोनदा पडली, पण जिभेला विसावा नाही. विरोधक म्हणायचे, "काइसूला मत द्या, रेडिओ फुकट!"

तिच्या छोट्या पक्षाची परिषदेत ती एकटीच. प्रस्ताव मांडायचा तर दुसऱ्या कोणाचं तरी अनुमोदन हवं. ती मांडायची, सगळे गप्प. मग हीच उसळायची, "राहू द्या, कोणाला पडलंय!" आणि प्रस्ताव मागे घेऊन पुढच्या विषयावर बोलू लागायची. दगडाला पाझर फुटेल, यांना नाही, असं तिचं ठाम मत होतं.

आज तिची शेवटची बैठक होती आणि विषय होता गावची शाळा बंद करण्याचा. निर्वासितांची पोर म्हणून हिणवलेली काइसू त्याच शाळेत या गावची झाली होती. ती उठली.

"शाळा चालू ठेवावी, असा माझा प्रस्ताव आहे. त्या शाळेनं मला..."

पुढे शब्दच फुटेना. ती खाली बसली.

जो तो आपल्या कॉफीच्या कपात बघत होता. अध्यक्षांनी हातोडा उचलला.

"अनुमोदक कोणीच नसेल तर..."

समोरच्या पक्षाचा शेतकरी तौनो उओतिला खाकरला. परिषदेत त्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

"अनुमोदन."

"काय म्हणालात?"

"ऐकलंत की!"

"माझंही," मागून कोणीतरी म्हणालं. मग आणखी एक जण. मतदान झालं आणि शाळा वाचली.

बाहेर कोट चढवताना काइसूनं तौनोला गाठलं. "मेल्या, इतकी वर्षं तोंड शिवलं होतंस का रे? आजच कुठून वाचा फुटली?"

तौनो बुटाची नाडी बांधत राहिला. काइसूच्या जिभेवर आणखी दहा टोमणे आले होते. ते तिनं गिळले आणि वाट पाहिली.

"दर वेळी बोलणारच असायचो गं," तो सावकाश म्हणाला. "तू थांबायचीसच कुठं?"