दोनदा गेलं तर

बुधाजींनी काउंटरवर पसरलेला जपानचा नकाशा आपल्याकडे फिरवला, टोकियोवर अंगठा रोवला आणि करंगळी ताणून ताणून ओकायामा गाठलं.

"एवढंच ना जायचं? आणि तसंच माघारी. त्याला रेल्वेचा सात दिवसांचा पास कशाला? काय वसूल होणार त्यात?"

ट्रॅव्हल कंपनीतली स्पृहा कॅल्क्युलेटरवर बोटं चालवत होती. दादरच्या त्या चिंचोळ्या ऑफिसात पंखा एकच आणि वारा सगळा तिच्या बाजूला. शेजारी सुभद्राबाई पदराने वारा घेत नवऱ्याकडे बघत होत्या. आठवडाभर घरात हेच चाललं होतं. लोअर परळच्या त्यांच्या विहारातली मंडळी जपानला सहलीला निघालेली, तिथल्या मोठमोठ्या बुद्धमूर्ती बघायला. यांचीही नावं त्यात होती. बाकीच्यांना मूर्ती बघायच्या होत्या. सुभद्राबाईंना एक खोली बघायची होती.

ओकायामातली. त्यांची लेक माया नोकरीसाठी तिथे राहिली आणि गेल्या पावसाळ्यात तिथेच गेली. ताप अंगावर काढला पोरीने. फोनवर "काही नाही गं, जरा कणकण आहे" म्हणाली, तेच शेवटचं बोलणं. ऑफिसातल्यांनी दार उघडवलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. इकडे आईबापांकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. अंत्यविधी तिकडेच झाला. तिच्या कंपनीतला एक माणूस अस्थी घेऊन आला, दोन्ही हातांत धरून, वाकून. त्याला चहा विचारायचंही कुणाला सुचलं नाही. कधी आलात तर तिची खोली दाखवतो, असं मात्र तो जाताना सांगून गेला.

सहलीच्या शेवटी टोकियोत तीन-चार दिवस मोकळे होते, ज्याने त्याने आपापलं फिरावं म्हणून. "आपण तिकडे जाऊन येऊ," सुभद्राबाई पहिल्यांदा म्हणाल्या आणि बुधाजींनी पासाचं काढलं. पास महाग आहे. पास घेतला की रोज हिंडायला हवं. या वयात एवढं कोण हिंडणार? अहो, पण जायचं की नाही ते बोला ना! ते नाही. माणूस पासाच्या आड असा काही जाऊन बसला होता की हातालाच लागत नव्हता.

बरं, पासातलं यांना शिकवणार कोण? परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून जन्म गेला त्यांचा. रेल्वेच्या माणसाला प्रवासाचा पास फुकट; तिकिटाच्या खिडकीचं तोंड या घराने पाहिलं नव्हतं. नागपूरला जायचं असो की गयेला, बुधाजी कारकुनासमोर उभे राहायचे आणि एका दमात सांगायचे, "सेल्फ, वाइफ, डॉटर एक." मुलगा असता तर मोठा झाल्यावर पासावरून उतरला असता. मुलीचं तसं नाही. लग्न होईपर्यंत ती बापाच्या पासावर, मग कमावती का असेना. "मी लग्न केलं तर तुमच्या पासातली एक सीट वाया जाईल, पप्पा," माया म्हणायची, आणि बाप खुशाल हसायचा. स्थळांचा विषय काढणाऱ्या सुभद्राबाई तेवढ्या वाईट ठरायच्या.

"काका, खरं सांगू?" स्पृहाने कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला. "एकदाच जाऊन येणार असाल तर पासात तुमचा तोटा आहे. साधं तिकीट काढा. दोनदा गेलात तर मात्र पास वसूल. पण एकाच गावाला दोनदा कोण जातं?"

"बघ!" बुधाजी बायकोकडे वळले. "सांगत नव्हतो?"

तेवढ्यात स्पृहाचा फोन वाजला. खुर्ची फिरवून ती पलीकडे कुणाला तरी व्हिसाची कागदपत्रं समजावू लागली.

"मग तिकीट काढा," सुभद्राबाई म्हणाल्या.

"तिकीट?"

"हो, तिकीट. लोक काढतात. तुम्ही कधी काढलं नाहीत म्हणून काय झालं?" आवाज चढला तसा त्यांनी तो आवरला. "अहो, माझी पोर कुठल्या खिडकीतून बाहेर बघायची ते मला बघायचंय. तुम्हाला नसेल यायचं तर नका येऊ. मी एकटी जाईन. विचारत विचारत जाईन."

बुधाजी नकाशाची घडी जिथे फाटली होती, तिथे नख फिरवत राहिले.

स्पृहा फोन ठेवून वळली. "सॉरी हं. चला, दोन्हीचे दर काढून ठेवते. पासपोर्टवर आहेत तशी नावं सांगा."

बुधाजी सरळ बसले. जन्माची सवय. एका दमात म्हणाले,

"सेल्फ, वाइफ, डॉटर एक."

"तिघं?" स्पृहा स्क्रीनकडे बघत म्हणाली. "सहलीच्या यादीत तर तुम्ही दोघंच आहात."

बुधाजींचा चेहरा पांढराफटक पडला. इतके दिवस सुभद्राबाई मनातल्या मनात म्हणत होत्या, बापाचं काळीज दगडाचं आहे. आणि हा माणूस पोरीला अजून पासावरून उतरवायलाच तयार नव्हता. ती खोली रिकामी बघितली की उतरवावं लागणार, म्हणून पास परवडत नव्हता होय!

"मुलगी तिकडेच असते," त्या सावकाश म्हणाल्या. "ओकायामाला. नोकरीला."

"अय्या, मग तिला हा पास नाही मिळायचा, काकू. हा फक्त फिरायला येणाऱ्यांना देतात. तिकडे राहणाऱ्यांना नाही. नियमच आहे तसा."

"नियम आहे?" बुधाजींनी विचारलं.

"हो, काका."

साहेबाशी भांडलेला माणूस. युनियनच्या सभेत घसा फोडलेला. पण पासाच्या नियमापुढे त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. सुभद्राबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"मग तिचं नाव नको," बुधाजी म्हणाले. "दोघांचंच करा."

"ओके. दोन तिकिटं, जाऊन-येऊन."

"तिकीट नको. पास द्या."

"अहो काका, आत्ताच बघितलं ना आपण? एका खेपेत नाही वसूल होत."

"एका खेपेत नाही व्हायचं माझ्याच्यानं." बुधाजींनी नकाशा तिच्याकडे सरकवला. "पहिल्या दिवशी मला त्या दारापर्यंत जाववणार नाही, पोरी. कोपऱ्यावरूनच माघारी फिरेन मी. दुसऱ्या दिवशी परत जावं लागेल."