चिंचेनं घासलेली कमान

मिझुनो-सानांच्या बंदुकीची स्प्रिंग मोडली आणि नागोयातल्या त्यांच्याच इमारतीत दोन मजले वर राहणाऱ्या विभाच्या घरात आठवडाभर दुसरा विषयच उरला नाही.

बंदूक तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीनं उडणारी होती, चांगली दोनशे वर्षांची. नागोयापासून गाडीनं दीड तासावर मिझुनो-सानांचं डोंगरातलं गाव. तिथल्या देवळाच्या उत्सवात दर मे महिन्यात चिलखतं घातलेले बारा जण ओळीनं उभे राहून अशाच जुन्या लढाईतल्या बंदुका उडवत. नळीत गोळी नसे, नुसती दारू. पण आवाज असा, की डोंगरालाही दचकायला व्हावं. मोठ्या भूकंप-त्सुनामीच्या वर्षी पहिला बार काढायचा मान मिझुनो-सानांकडे आला होता. त्या वर्षी साऱ्या देशावर सुतक होतं, उत्सव झालाच नाही. यंदा, दोन वर्षांनी, पथकानं तो मान त्यांना पुन्हा दिला. आणि जूनमध्ये त्यांना ऐंशी पूर्ण होणार होती. ऐंशीनंतर बंदूक उडवायची नाही, हा पथकाचा नियम. म्हणजे यंदा नाही, तर कधीच नाही.

अशात सरावाला चाप ओढला आणि टिक् झालं. पेटता तोडा धरणारा घोडा ज्या पितळी पट्टीच्या जोरावर दारूवर आपटतो, ती चिमट्यासारखी दुमडलेली पट्टी, म्हणजे बंदुकीची कमान, मधोमध तुटली.

विभाचा नवरा अंबरीष गाड्यांच्या इंजिनांसाठी स्प्रिंगा डिझाइन करायचा. त्याला वाटलं, आपल्याला देवानं याचसाठी जपानला पाठवलं.

"तीन दिवस द्या," तो म्हणाला. "मटेरियल तेच, शेप तोच, आणि लाइफ दसपट!"

मिझुनो-सानांनी चहाचा पेला दोन्ही हातांनी खाली ठेवला. "अंबरीष-सान, डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यात नवा सांधा बसवलाय. घरात तेवढं एक नवं पुरे. हिला हिच्याच वयाचं काहीतरी हवं. नाही मिळालं, तर मी यंदा निशाण धरून चालेन."

"दुखावले रे ते," जिन्यात विभा म्हणाली.

"मी काय वाईट बोललो? दसपट म्हणालो!"

"तेच."

विभानं मग तुटक्या पट्टीचे दोन्ही तुकडे जुळवून कागदावर पेन्सिलीनं आकार काढून घेतला आणि रविवारी शहरातल्या ओसू भागात कान्नोन देवीच्या देवळात भरणारा जुना बाजार गाठला. आधी देवीला हात जोडले, मग पाट्या उपसायला लागली. कुलपं, बिजागऱ्या, चिलमी, घड्याळांची पोटं. दुपारी दोनला, एका म्हाताऱ्याच्या बिस्किटांच्या डब्यात, काळीकुट्ट, हिरवट डाग पडलेली पट्टी हाताला लागली.

"तो केस उपटायचा चिमटा आहे," म्हातारा म्हणाला.

"एवढा मोठा?"

"पूर्वी माणसं केसाळ असतील."

विभानं पट्टी कागदावर ठेवली. रेघेला रेघ जुळली. पायाशी अर्धा तांदूळ जास्त, बस्स. आनंदानं तिनं म्हाताऱ्याला तीनदा वाकून नमस्कार केला. त्यानं सहादा केला. बाजूच्या दुकानवालीनं, काय चाललंय ते न कळताच, एकदा केला. देवळाच्या पायरीवर बसून विभानं मेसेज धाडला, "मिळाली! दोनशे वर्षांची!" मिझुनो-सानांचं उत्तर क्षणात आलं, "उद्या नऊला येतो."

उद्या सोमवार. विभाचा उपास, आणि पूजा होईपर्यंत मौन. गेली सतरा वर्षं न मोडलेलं. सोमवारी देवाची उपकरणी घासायची हाही नेम. तिनं चिंच भिजवली, मीठ घेतलं, ओट्यापाशी उभी राहिली आणि मनात जप सुरू झाला. ताम्हन झालं, पळी झाली, घंटा झाली, निरांजन झालं. शेजारी ती काळी पट्टी होती. थोरल्या माणसाच्या हातात वस्तू द्यायची ती अशी मळकी? हात आपोआप तिकडे वळला. दहा मिनिटांत पट्टी अशी लखलखली, की विभानं ती कौतुकानं ताम्हनाशेजारी पालथी घातली.

नऊला बेल वाजली. मिझुनो-सान, कोट घालून.

विभानं हसून दोन्ही हातांनी पट्टी पुढे केली. मिझुनो-सानांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी गोठलं.

"विभा-सान," ते हळूच म्हणाले, "ही... अंबरीष-सानांनी केली का?"

विभाला ओरडायचं होतं, नाही हो! पण पूजा अजून व्हायची होती. तिनं ओठ घट्ट मिटले आणि जोरजोरात हात हलवले. ज्या प्रश्नाचं उत्तर देताना माणूस संकोचतो तो पुन्हा विचारू नये, अशी मिझुनो-सानांची रीत. त्यांनी मान खाली घातली.

तेवढ्यात अंबरीष डोकं पुसत बाहेर आला. "अरे वा! नव्या स्प्रिंगेत आणि हिच्यात काही फरक आहे का, सांगा!"

विभानं कपाळावर हात मारला.

"नाही," मिझुनो-सान म्हणाले. "काहीच फरक नाही. तुम्ही दोघांनी फार कष्ट घेतलेत." पट्टी त्यांनी अलगद चपलांच्या कपाटावर ठेवली, कमरेत वाकून नमस्कार केला आणि जिना उतरून गेले.

"काय झालं?" अंबरीष म्हणाला. विभानं त्याच्याकडे असं बघितलं, की तो आपणहून स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला.

आयुष्यात एवढी लांब पूजा तिनं केली नव्हती. एकही मंत्र गाळायचा नाही, आणि घाईही करायची नाही. आरती संपली, तीर्थ घेतलं आणि पहिला शब्द तोंडातून फुटला, "मेले मी!" चिंचेची वाटी, मीठ आणि पट्टी घेऊन ती दोन मजले धडाधड उतरली.

दार मिझुनो-सानांच्या बायकोनं, साचिए-सानांनी उघडलं. आत म्हातारबुवा बंदूक कापडी पिशवीत घालून नाडी बांधत होते.

"घासली!" विभा धापा टाकत म्हणाली. "जुनीच आहे! मी घासली! आमच्याकडे पितळ घासतात!"

"विभा-सान, काही हरकत नाही. नवीही सुंदरच..."

"तुमची तुटलेली कुठंय?"

ती रेशमी रुमालात होती. पणजोबांच्या पणजोबांची, दोन तुकडे, काळी. विभानं मागचापुढचा विचार न करता एक तुकडा उचलला, चिंच थापली, मीठ टाकलं आणि अंगठ्यानं चोळायला लागली.

मिझुनो-सानांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो बंदुकीतूनही निघाला नसता.

विभाचा हात थांबला. आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं. मग साचिए-सानांनी तोंडावर हात धरला, खांदे हलायला लागले, आणि ती मितभाषी बाई तातामीच्या चटईवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "चोपन्न वर्षं!" ती म्हणाली. "चोपन्न वर्षं मला तिला हात लावू दिला नाही, आणि हिनं लोणचं घातलं!"

विभानं तुकडा नळाखाली धरला. सोनं. शेजारी बाजारातली पट्टी ठेवली. तेही सोनं, तोच रंग. आणि काळं गेल्यामुळे दोन्हींवर हातोडीचे बारीक, वाकडेतिकडे ठोके उघडे पडले होते, माशाच्या खवल्यांसारखे. यंत्रानं ते कधी पडत नाहीत. मिझुनो-सानांनी चष्मा वर केला, डोळे जवळ नेले. बोटानं एक ठोका चाचपला, मग दुसरा.

"हा कारागीर डावखुरा होता," ते पुटपुटले. "आणि हा चिडलेला होता. बघा कसा ठोकलाय." मग त्यांनी वाटीकडे बोट केलं. "ती... मी जरा चोळून बघू?"

दुपारपर्यंत दुसरा तुकडाही लखलखला. पायाचा अर्धा तांदूळ त्यांनी स्वतः कानशीनं उतरवला, आणि अंबरीषला मापं घेण्याचा मान दिला. त्यानं एकदाही 'दसपट' म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी देवळापुढच्या माळावर बारा बंदुका उभ्या होत्या. अकरांचं पितळ काळं, एकीच्या कुशीला ऊन लागून कवडसा उडत होता. पथकाचा म्होरक्या तिकडे दोनदा डोळे बारीक करून बघून गेला. मग त्यानं हातपंखा हलवून खूण केली. मिझुनो-सानांनी तोड्यावर फुंकर घातली, बंदूक गालाशी नेली. विभानं अंबरीषचं मनगट धरलं. नखं रुतली.

चाप ओढला. घोडा खाडकन खाली आला. दारू फुसफुसली, एवढा वेळ फुसफुसली की विभानं डोळे मिटले. आणि मग धडाम्! डोंगर हलला, कावळे उडाले, कुणाचं तरी बाळ रडायला लागलं.

धूर विरला. पहिला बार काढणाऱ्यानं दगडासारखं स्तब्ध उभं राहायचं असतं. मिझुनो-सान, शिरस्त्राण तिरपं झालेलं, काजळीनं काळे, दोन्ही हातांनी बंदूक डोक्यावर धरून नव्या गुडघ्यावर उड्या मारत होते.

"मिझुनो-सान! रांगेत!" म्होरक्या ओरडला.

"माफ करा!" ते ओरडले, आणि आणखी एक उडी मारली.