तीनदा वाचलेला कागद

मूल गावच्या आमच्या दवाखान्यात डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. उरलेले दिवस माझे बाबाच डॉक्टर. सरकारी कागदावर ते देवाजी कंपाउंडर होते, पण जंगलातून पायी येणाऱ्यांना एवढा फरक कोण समजावणार? कुणी "डागदर" म्हटले की बाबा लाजायचे आणि हातातली बाटली उगाच दोनदा पुसायचे.

बाटली रोग्याने घरून आणायची. बाबा तीत मिक्श्चर भरायचे आणि बाहेरून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचे. एक कातर म्हणजे एक डोस. अक्षर येत नसले तरी अडत नाही, मोजता आले की झाले. त्या पट्ट्या मी लहानपणापासून कातरत आले. बाबांचा नियमही तेव्हापासून पाठ: बरणीवरचे नाव तीनदा वाचायचे. फळीवरून काढताना एकदा, ओतताना एकदा, परत ठेवताना एकदा.

१९५४ च्या उन्हाळ्यात मी अमरावतीला मावशीकडे राहून इंटर सायन्स झाले आणि घरी आले. नागपूर विद्यापीठाचा फॉर्म मागवला होता. त्यात डॉक्टरकी होती, औषधशास्त्राची पदवी होती. डॉक्टरकीला माझे गुण पुरत नव्हते, आणि खरे सांगायचे तर मला ती नकोच होती. मला बरण्या हव्या होत्या. औषधशास्त्र, दुसरे काही नाही.

त्याच उन्हाळ्यात बाबांनी एक खेळ काढला. "एवढी शिकून आली ना इंदे? वाच पाहू, या बरनीवर काय आहे?" मी ऐटीत वाचायची. दिवसभर वाचायची, लॅटिन नावांसकट. वाटले, बाबा माझी तयारी करून घेत आहेत. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसली मी.

एक दिवस जंगलातून येणारी बुधरी आपल्या पोराच्या तापाचे औषध घेऊन निघाली आणि दारातूनच हसत परतली. "डागदर, एका बाटलीले दोन कागद? कोन्ता मोजू?" मागच्या खेपेची सहा कातरांची पट्टी तशीच होती आणि बाबांनी शेजारी चार कातरांची नवी लावली होती. "घाई झाली," बाबा म्हणाले. मी जुनी पट्टी खरवडली. मान वर केली तेव्हा दारातला उजेड बाबांच्या तोंडावर होता आणि त्यांच्या दोन्ही बुबुळांवर सायीसारखे काहीतरी पांढरे होते.

तेव्हा तो खेळ मला समजला. पुढची बरणी मी बाबांनी विचारायच्या आधीच वाचली.

रात्रभर माझे एकच चालले होते. माझी आई रुखमाबाई भाताच्या शेतात कुणाला हार न जाणारी, पण अक्षरओळख नसलेली. मी नागपूरला गेले तर बाबांना बरण्या वाचून कोण दाखवणार? आणि फळी सुटली तर बाबांचे उरणार काय? बावीस वर्षे ते तिथेच उभे होते. सकाळी मी नागपूरचा फॉर्म पेटीत तळाशी घातला आणि दुसराच भरला. आमच्याच दवाखान्यात दाईचा सहा महिन्यांचा वर्ग निघणार होता. दाईचे काम हलके नव्हे, पण ते माझे नव्हते.

"नागपूरचा आहे," मी बाबांना सांगितले.

"कुठी करू सही?"

मी बोट ठेवले. अर्धी सही कागदावर झाली, अर्धी माझ्या नखावर. लिफाफा टाकायला बाबा स्वतः पोस्टात गेले.

ऊन उतरता उतरता परतले ते कागद हातात घेऊनच. ओट्यावर बसले आणि कागद माझ्यापुढे धरला.

"वाचल्याबिगर टाकू कसा? लिफाफा उघडला, पहिल्यांदा शाळेतल्या नथ्थू मास्तराकडून वाचून घेतला. दुसऱ्यांदा पोस्टमास्तराकडून. आता तिसऱ्यांदा तू वाच."

मी घरात जायला उठले. पण बाबा कागद खाली करीनात. मी वाचले. माझे नाव, बाबांचे नाव, दाईचा वर्ग, मुक्काम मूल. पुढचे वाचवेना.

"काऊन?" बाबांनी कारण विचारले.

"तुमाले दिसत नाई, बाबा."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "चैतापासून. तू आली म्हून निभलं. मले वाटे, पोरीले काय समजते."

"मी इथीच राह्यते ना. रोज वाचून देईन. जनमभर देईन."

बाबा माझ्यावर कधी ओरडले नव्हते. त्या दिवशी ओरडले. "पोरगी होय तू माही! चष्मा नाई!"

मी दचकले. त्यांनी सदरा वर केला. करदोट्याला विषाच्या कपाटाची किल्ली असायची. आंघोळीलाही न सुटणारी. आज नुसता दोरा होता.

"आज डॉक्टर आले होते. त्याईले सांगून टाकलं. जे वाचता येत नाई, ते देऊ नये. उद्यापासून बाटल्या धुवीन, जखमा बांधीन. त्याले हात पुरतात." आणि मग, जणू माझीच समजूत घालत, "मास्तरानं कागद वाचला तवाच समजलं मले. मी किल्ली धरून बसलो, म्हून तू नागपूरचं दार लावून घेतलं."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोके ठेवून रडले. ते माझ्या केसांवरून हात फिरवत होते. त्या हाताला नेहमीसारखाच टिंक्चरचा वास येत होता.

पेटीतून नागपूरचा फॉर्म काढला. पसंती एकच लिहिली, औषधशास्त्र, आणि फॉर्म मोठ्याने वाचला. बाबा कान देऊन ऐकत होते. "आनखी एकदा." वाचला. "आनखी एकदा." वाचला.

"मोतीबिंदू पिकला म्हंजे मी येईन नागपूरले, काढाले," ते म्हणाले. "तवा डोळ्यात औषध तूच टाकशीन."

"टाकीन."

"नाव वाचून?"

"तीनदा वाचून."

सहीसाठी मी बोट ठेवले. "बोट काढ, मागच्या खेपेले नखावरच गेली," ते म्हणाले. मी काढले नाही. सही पुन्हा माझ्या नखावरूनच गेली, आणि ती शाई मी तीन दिवस धुतली नाही.