जुहूचं सरबत

निळ्या लेबलावर माडाचं झाड. मागे बुडणारा सूर्य.

वेंगुर्ल्याच्या वाटेवरच्या एका अंगणात कोकमासाठी सुकत घातलेली रातांब्याची सालं.

रेडिओवर आधी लाटा. मग एक मूल खिदळतं. मग बाईचा लाडिक आवाज : जुहूला गेलात आणि ‘लाट’ नाही प्यायलात?

परळच्या खानावळीत तीस वर्षं वापरलेला पितळी पेला. आता गावी, फडताळात, उपडा.

*थंड जागी ठेवावे*

नाहूरला गॅरेजच्या मागे पत्र्याची शेड होती, तिथे लवू कोकम सरबताच्या बाटल्या भरायचा. मालक घाटकोपरचे शिवदासशेठ. त्यांनी सरबताला आधी ‘मालवणी कोकम’ असं सरळ नाव दिलं होतं. ते खपेना. मालवणी माणूस बाटली बघून हसायचा. घरी कोकमाच्या आगळाची बरणी भरलेली असताना हे कोण विकत घेणार? बाकीचे लोक बाटली उचलायचे, वाचायचे आणि परत ठेवायचे.

मग अंधेरीहून जाहिराती लिहिणारे मधुकर आले. शेडमध्ये फिरले, दोन ग्लास प्यायले, आणि लवूला सहज विचारलं, की गावाहून पाहुणे आले तर तुम्ही त्यांना कुठे नेता. लवू म्हणाला, जुहूला. आणखी कुठे नेणार?

झालं. मालवण पुसलं गेलं, जुहू आलं, नाव पडलं ‘लाट’. रेडिओवर लाटा वाजू लागल्या आणि धुळ्या-नाशकाकडून मागणी सुरू झाली. धुळ्याचे लोक जुहूची चव अगदी ओळखीची असल्यासारखे पिऊ लागले. फक्त जुहूला ते कुठल्याच गाडीवर मिळत नव्हतं. तिथल्या गाडीवाल्यांनी शेठच्या माणसाला दोनदा हाकलून लावलं होतं.

*वापरण्यापूर्वी हलवावे*

लवूची आई गावी एकटी राहायची. पावसाळ्यात गोठ्याच्या पायरीवरून घसरली आणि शेजारच्या सुगंधाने हाक ऐकेपर्यंत तशीच पडून राहिली. तेव्हापासून लवूने हट्ट धरला होता, की आईने आता मुंबईलाच राहावं. ती आली, पण ‘बघूक म्हणून’. चौथ्या दिवशी तिने गाठोडं पुन्हा बांधून दारापाशी ठेवलं. म्हैस आहे, म्हणाली. म्हैस परक्या हाताला दूध देत नाही. आता गेली की ही परत यायची नाही, हे लवूला कळत होतं, त्याच्या बायकोला, प्रेमाला कळत होतं, आणि बहुधा आईलाही.

जायच्या आधी तिला एकच हवं होतं. जुहूला जाऊन ते सरबत प्यायचं.

प्रेमाने खाटेखालून बाटली काढली. लेबल वाकडं चिकटलं म्हणून लवूने घरी आणलेली. आईने हात लावला नाही.

‘‘अगो, हंय नको,’’ ती म्हणाली. ‘‘भरूदेत खंय पण, आसा ता जुहूचाच. थंय जावनच पिऊया.’’

देवळातला प्रसाद देवळातच घ्यावा, तसा तिचा हिशोब होता. लवू प्रेमाला म्हणाला, की आता खरं काय ते सांगून टाकतो, तिथे सरबत-बिरबत काही मिळत नाही.

‘‘सांगा ना,’’ प्रेमा म्हणाली. ‘‘आणि गाठोडं पण तुम्हीच उचला, एसटीपर्यंत.’’

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर लवू एकटाच जुहूला गेला. दशरथ नावाच्या गोळेवाल्याला गाठलं, पिशवीतली बाटली दाखवली आणि सगळं समजावलं. दशरथने बूच काढून वास घेतला.

‘‘दारू नाही ना, भाऊ?’’

‘‘कोकम आहे रे.’’

‘‘मग आणा आईला. ग्लास माझा, बर्फ माझा. माल तुमचा.’’

*एक भाग सरबत, चार भाग पाणी*

रविवारी तिघं निघाली. घाटकोपरहून बसने अंधेरी, तिथून जुहू. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. वाळूत उतरल्यावर तिने समुद्राकडे नुसतं एकदा पाहिलं. समुद्र तिच्या घरामागेही होता.

दशरथने ग्लास भरला. वर आपल्या मनाने काळं मीठ भुरभुरलं. आईने एक घोट घेतला. थांबली. दुसरा घेतला. मग पदराने तोंड पुसून म्हणाली :

‘‘तुझो बापूस तीस वर्सां ह्या मुंबयत रवलो. गावाक येताना साबण आणी, खजूर आणी. पण ह्येचो एक शब्द कधी काढल्यान नाय. एकटोच पियत रवलो, मेलो.’’

आणि हसली. लवूने तोंड उघडलं, तेवढ्यात प्रेमाने त्याच्या पायावर पाय दिला.

शेजारी भेळ खाणाऱ्या एका बाईने विचारलं, ते रेडिओवालं हेच का. दशरथने पापणीही न हलवता सांगितलं, की हेच, ताई, जुहू स्पेशल, आमच्याकडे पहिल्यापासून आहे. बाईने चार ग्लास घेतले. मागून एक आजोबा आले. ते म्हणाले की त्यांच्या लहानपणी ते इथेच प्यायचे, फक्त तेव्हा जरा जास्त गोड असायचं. बाटली संपली. दशरथ लवूच्या कानाशी आला. उद्या आणखी आणता का, म्हणाला.

आईने रिकामा ग्लास स्वतःच विसळून परत दिला. बस दिसल्यावर म्हणाली :

‘‘म्हशीक सुगंधा बघतली. तिका सांगून धाड.’’

प्रेमाने तिचा हात धरून तिला बसमध्ये चढवलं.

‘लाट’ बाजारात आलं चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये. लवूचे वडील त्याच्या आदल्या श्रावणात वारले.