तळपायाचा निरोप्या

मी एक जुना मज्जातंतू आहे. माझे मूळ एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या कण्यापाशी आणि टोक तिच्या उजव्या तळपायात. मित्रांनो, एवढा लांब असूनही मी एकच पेशी आहे, डोळ्यांना दिसणारही नाही इतका बारीक.

आमचे घराणे समुद्रातले. जेलीफिशसारख्या जीवांच्या अंगात आमचे पूर्वज जाळ्यागत पसरले होते. डोके नव्हते, तरी काम भागत होते. पुढे काही प्राण्यांत त्या जाळ्याची दोरी झाली आणि दोरीच्या टोकाला गाठ वाढली. तोच मेंदू. तेव्हापासून तो साहेब आणि आम्ही निरोपे.

बाई मशीन अनवाणी चालवते. "चप्पल घातली की मशीन काय म्हणतंय ते कळत नाही," म्हणते. पट्टा सैल झालेला तिला पायातून कळायचा, म्हणजे आम्हा भावंडांकडून. टाचणी टोचली की माझ्यातून विजेची लाट धावायची, आणि साहेबांना पत्ता लागायच्या आत कणा पाय उचलायला लावायचा. बाई कळवळायची, चिडायची. चिडेना का, पाय तर वाचायचा.

मग तिच्या रक्तात साखर वाढली आणि आमचे हाल सुरू झाले. मी जळजळलो, मुंग्या आणल्या, जिवाच्या आकांताने ओरडलो. शेवटी माझे टोकच झडले. पाय शांत झाला तशी बाई लेकीला म्हणाली, "गेलं बघ दुखणं. आता गोळ्या कशाला?" मी मरत होतो आणि तिला वाटले, आपण बरे झालो.

आज मशीनची सुई मोडली. अर्धा तुकडा सापडला, अर्धा पायडलवर पडून तिच्या तळपायात रुतला आहे. पायडल दाबले की तो आणखी आत जातो. मी हाका मारतो आहे, पण लाट उठतच नाही.

लेकीने मशीनखालच्या पांढऱ्या चिंध्या उचलल्या आणि दचकली. "आई, रक्त! बोटात सुई गेली का?"

"छे गं, मला काही दुखत नाही."

"दाखव बरं हात."

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचा पाय असा एकाएकी गप्प झाला, तर आनंद मानू नका. रोज त्याचा तळवा बघा. न दुखणारा पाय स्वतःहून काही सांगणार नाही, आणि त्याच्या वतीने बोलणारा मी आता उरलेलो नाही.

लेक अजून बोटेच तपासते आहे, एकेक करून. अगं पोरी, खाली बघ.